ब्रेक ऑइलची मुदत

नागपूर-अमरावती हमरस्त्यावरील तिवसा तालुक्यात, संत्र्याच्या बागेपासून मोझरीच्या गुरुकुंजापर्यंत आणि वर्धेकाठच्या कौंडण्यपुरापर्यंत, माणसांची व सामानाची ने-आण आज बहुतांशी मोटारसायकलीच्या भरवशावर चालते, आणि इंजिन ऑइल किती किलोमीटरवर बदलावयाचे हे तिच्या धन्याला तोंडपाठ असते. परंतु डिस्क ब्रेकमध्ये कोंडलेल्या द्रवाची आठवण क्वचितच कोणास होते. कारण तो खर्ची पडत नाही, आवाज करीत नाही, आणि त्याचे वय किलोमीटरने नव्हे, तर दिनदर्शिकेने मोजावे लागते.

ब्रेक ऑइल या नावाने विकला जाणारा हा द्रव ग्लायकॉल वर्गातील रसायनांचा असून हवेतील बाष्प शोषून घेणे हा त्याचा स्वभावधर्मच आहे. गाडी रोज धावो अथवा पडवीत उभी राहो, रबरी नळीच्या भिंतीतूनसुद्धा आर्द्रता त्यात मुरतच राहते. डॉट ४ प्रतीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू निदान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, ३.७ टक्के पाणी शिरल्यावर मात्र हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. श्रावणात चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे दोघांना घेऊन उतरणाऱ्या गाडीचे कॅलिपर वळणावळणावर ब्रेक दाबून तापते, तेव्हा असा पाणावलेला द्रव उकळून त्यात वाफ धरू शकते; द्रव दबत नाही म्हणून बोटांचा जोर पिस्टनला पोहोचतो, वाफ मात्र दबते, आणि लिव्हर मुठीला टेकले तरी गाडी आवरत नाही.

सबब बहुतेक कंपन्या दोन वर्षांनी हा द्रव बदलण्यास सांगतात, आणि ती मुदत पाळण्यात हयगय होऊ नये असे मला कळकळीने वाटते. हँडलवरील डबीचे झाकण पुसून उघडावे, सिरिंजने काळपट द्रव उपसावा आणि झाकणावर लिहिलेल्या प्रतीचाच नवा द्रव सीलबंद बाटलीतून भरावा. मग कॅलिपरच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक बाटलीत सोडावे, लिव्हर दाबून धरावे, पान्याने निपल किंचित सैल करावा, पुन्हा आवळावा आणि त्यानंतरच लिव्हर सोडावे. हा क्रम चुकला की हवा आत ओढली जाते. डबीतील पातळी खाली जाऊ न देता हे करीत राहिले, की नळीतून प्रथम चहाच्या रंगाचा, मग फिका आणि शेवटी बुडबुड्यांविना नितळ द्रव येऊ लागतो. टाकीवर थेंब पडल्यास रंग उडतो, म्हणून थेंब तत्काळ पाण्याने धुवावा. एबीएस असलेल्या गाडीचे काम मात्र जाणत्या मेकॅनिककडेच सोपवावे.

उरलेली उघडी बाटली पुढील खेपेसाठी राखून ठेवण्याची काटकसर करू नये; तीही हवेतले पाणी पीतच असते.