विंडो मॅनेजर, लिनक्सवरील हलके

विंडो मॅनेजर, लिनक्सवरील हलके : संगणकाच्या पडद्यावर उघडलेल्या विंडोंची जागा, आकार, कडा व एकावर एक असण्याचा क्रम ठरविणाऱ्या आज्ञावलीस विंडो मॅनेजर म्हणतात. स्मृती व प्रक्रियक यांचा अल्प वापर करणारी आणि एवढ्याच कामापुरती मर्यादित असणारी आज्ञावली हलकी समजली जाते.

लिनक्सवर ही आज्ञावली स्वतंत्र व बदलता येण्याजोगी असण्याचे कारण एक्स विंडो प्रणालीच्या रचनेत आहे. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे १९८४ मध्ये या प्रणालीचा आरंभ झाला व तिची अकरावी आवृत्ती १९८७ मध्ये प्रसृत झाली. पडद्यावर रेखन करणे आणि कळफलक व माउस यांच्याकडील संदेश संबंधित आज्ञावलीस पोहोचविणे, ही एक्स सर्व्हरची मुख्य कामे होत. विंडो कोठे असावी, हे तो स्वतः ठरवीत नाही. एखाद्या आज्ञावलीने विंडो दाखविण्याची विनंती केल्यास सर्व्हर ती मॅनेजरकडे वळवितो; मॅनेजर विंडोस चौकट व जागा देतो. म्हणून मॅनेजर बदलला, तरी इतर आज्ञावलींत फेरफार करावा लागत नाही.

हलक्या मॅनेजरांचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात विंडो टेबलावरील कागदांप्रमाणे एकमेकींवर येऊ शकतात. टॉम लास्ट्रेंज यांचा टीडब्ल्यूएम (१९८७), त्यावरून स्मृतीची बचत साधण्यासाठी रॉबर्ट नेशन यांनी तयार केलेला एफव्हीडब्ल्यूएम (१९९३), तसेच आइसडब्ल्यूएम, जेडब्ल्यूएम व ओपनबॉक्स हे या प्रकारात मोडतात. दुसऱ्या प्रकारात विंडो फरशांप्रमाणे शेजारीशेजारी बसविल्या जातात व त्या बहुधा कळफलकानेच हाताळतात. डीडब्ल्यूएम (२००६) व आय-थ्री (२००९) ही याची उदाहरणे होत. डीडब्ल्यूएमची मूळ संहिता २,००० ओळींच्या आत ठेवण्याचा संकेत आहे. त्यातील योजना बदलण्यासाठी संहितेत दुरुस्ती करून ती पुन्हा संकलित करावी लागते. आय-थ्रीसाठी साध्या मजकुराची फाइल पुरते.

नोम, केडीई यांसारख्या संपूर्ण डेस्कटॉपमध्ये फाइल-व्यवस्था, सूचना, ध्वनी व विजेरी यांचे दर्शक एकत्र मिळतात. हलका मॅनेजर वापरणाऱ्यास त्यांची निवड व जोडणी बहुधा स्वतः करावी लागते. या श्रमाच्या मोबदल्यात जुना संगणक वापरात राहू शकतो. आइसडब्ल्यूएम वापरणारी अँटीएक्स व जेडब्ल्यूएम वापरणारी पपी लिनक्स ही वितरणे यासाठी प्रसिद्ध आहेत. तथापि या बचतीस मर्यादा आहे. आधुनिक ब्राउझर एकटाच शेकडो मेगाबाइट स्मृती व्यापतो. त्यापुढे मॅनेजरमुळे वाचलेली स्मृती अपुरी ठरते.

एक्स प्रणालीत एका आज्ञावलीस दुसरीसाठी दाबलेल्या कळा टिपता येतात, हा तिचा गंभीर दोष होय. २००८ मध्ये आरंभ झालेल्या वेलँड व्यवस्थेत आज्ञावली एकमेकींपासून विलग ठेवल्या जातात. मात्र तेथे सर्व्हर व मॅनेजर यांची कामे एकाच आज्ञावलीकडे असल्यामुळे एक्सचे मॅनेजर तेथे जसेच्या तसे चालत नाहीत. आय-थ्रीच्या धर्तीवर स्वे व ओपनबॉक्सच्या धर्तीवर लॅबडब्ल्यूसी हे पर्याय नव्याने लिहिण्यात आले. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या प्रणालीने २०२४ मध्ये लॅबडब्ल्यूसीचा स्वीकार केला. अशा रीतीने सुटेपणाची जुनी सोय काही अंशी कमी झाली असली, तरी हलकेपणाची परंपरा टिकून आहे.