उधाण, भराव आणि नगरपरिषद

हवामानबदलाशी मुकाबला करणाऱ्या शहराचा विषय निघाला की मराठी वाचकाच्या मनात प्रथम मुंबई उभी राहते, आणि ते अस्वाभाविकही नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला तेव्हापासून या विषयाची सारी चर्चा त्याच महानगराभोवती फिरत राहिली, आणि मार्च २०२२ मध्ये मुंबई महानगरपालिकेने आपला हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केल्यावर तर हा प्रश्न मोठमोठी अंदाजपत्रके बाळगणाऱ्या महापालिकांचाच आहे, असा ग्रह दृढ झाला. २०११ च्या खानेसुमारीत पन्नास हजारांच्या आसपास वस्ती भरलेली डहाणू नगरपरिषद, किंवा अलीकडेच नगरपंचायत झालेली तलासरी, यांचा या प्रकरणाशी संबंध काय, असे पालघर जिल्ह्यातले सुशिक्षित लोकही विचारतात. उत्तर कायद्याच्या दप्तरातच आहे. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती आणि औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ हा गटारे, पाणीपुरवठा आणि आरोग्यव्यवस्था यांची जबाबदारी लहान नगरांवरही टाकतो, आणि बदलत्या हवामानाचा आघात नगराला प्रथम जाणवतो तो याच ठिकाणी. शिवाय लहान नगराजवळ अशी एक दौलत असते, जी मुंबईने केव्हाच खर्चून टाकली. ती म्हणजे पाणी पसरायला अद्याप मोकळी राहिलेली जमीन.

‘पाऊस काय, पूर्वीही असाच पडत असे’, हा त्यानंतरचा समज. त्यात सत्याचा अंश आहे, म्हणूनच तो टिकून आहे. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि ही सरासरी पाहून कोणालाही काही बिघडले आहे असे वाटणार नाही. परंतु सरासरी हा फार सभ्य आकडा असतो. कोणत्या दिवशी किती पडला याची वाच्यता तो करीत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि हे घडले ते मोसमी पावसाची एकूण बेरीज उतरणीला लागलेली असताना. पाऊस थोड्या दिवसांत, थोड्या तासांत येऊन जातो आणि मधले दिवस कोरडे पडतात. भात लावणाऱ्या वारली शेतकऱ्याला हे कोणी सांगावे लागत नाही. ते समजावून द्यावे लागते ते जुन्या सरासरीवरून गटाराची रुंदी ठरविणाऱ्या अभियंत्याला.

गटारांचा विषय आलाच आहे, तर तेथे किंचित रेंगाळणे योग्य होईल. नगरात पाणी तुंबले की नाले रुंद करा, काँक्रिटचे करा, अशी मागणी होते आणि निविदाही निघते. पण डहाणूचे नाले ज्या खाडीला जाऊन मिळतात, तेथे उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतले अंतर चार-पाच मीटरांपर्यंत जाते, आणि भरतीच्या ऐन वेळी जोराची सर आली तर नाला कितीही रुंद असला तरी त्यातून पाणी पुढे न जाता उलट मागे रेटले जाते. अशा चार-सहा तासांत पाण्याला हवी असते ती विसावण्यासाठी जागा. आणि ती जागा खाजणे, तिवरांची दाटी, मिठागरे आणि सखल भातखाचरे यांनी आजवर दिली आहे. सातबाऱ्यावर पड किंवा खार म्हणून नोंदलेली ही जमीन वस्तुतः नगराच्या जलनिःसारणाचा भाग आहे, आणि तिच्यावर मुरमाचा भराव पडला की तेवढेच पाणी कोणाच्या तरी ओसरीवर चढते. रेल्वेचा जुना बांध, राष्ट्रीय महामार्ग आणि आता द्रुतगती रेल्वे व द्रुतगती महामार्ग यांचे नवे भराव या तालुक्यांतून उत्तर-दक्षिण धावतात, तर ओढे पूर्वेच्या टेकड्यांतून पश्चिमेच्या समुद्राकडे. म्हणजे प्रत्येक ओढ्याला प्रत्येक भरावाखालच्या मोरीतून वाट काढावी लागते. मोरीचे माप जर कालच्या पावसाचे असेल, तर भरावाच्या वरच्या अंगाला उद्याचा पूर ठरलेलाच.

यात समुद्राच्या वाढत्या पातळीची भर आहे. केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मूल्यांकनानुसार उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१७ या काळात वर्षाला सुमारे ३.३ मिलिमीटर वाढली. १८७४ ते २००४ या दीर्घ काळातला वेग याच्या निम्म्याच्या आसपास होता. तीन मिलिमीटर ऐकून हसू येते खरे. परंतु सपाट किनाऱ्यावर उभ्या पातळीतली लहानशी वाढ आडव्या अंतरात बरीच आत येते, आणि उधाण त्या वाढलेल्या पायरीवरून चढते.

समुद्र आत येतो तर दगडी बांध घाला, हा उपाय इतका लोकप्रिय आहे की त्याविरुद्ध बोलणे म्हणजे किनाऱ्यावरच्या मच्छीमारांशी वैर करणे, असे लोकप्रतिनिधींना वाटते. सरकारी कागदांत त्याला धूपप्रतिबंधक बंधारा म्हणतात. घराच्या उंबऱ्याशी लाट येऊन ठेपली असता तो घालावा लागतो, हे मान्यच आहे. परंतु त्याने धूप थांबते हा समज निराधार आहे. कठीण भिंतीवर आपटलेली लाट आपला जोर घेऊन परतते आणि भिंतीच्या पायाशी असलेली वाळू ओढून नेते. बांध जेथे संपतो तेथे शेजारच्या वाडीची धूप अधिकच वेगाने होते. आणि मग शेजारची वाडीही बांध मागते. बोर्डी-डहाणूच्या किनाऱ्यावरच्या सुरूच्या बागा पर्यटकांना प्रिय आहेत आणि वारा अडविण्यात त्यांचा उपयोगही आहे, पण किनारा खचू लागला की उथळ मुळांची ही झाडे उन्मळून पडतात. वाळूचे उंचवटे धरून ठेवतात त्या मर्यादवेलीसारख्या जमिनीसरपट वाढणाऱ्या वनस्पती, ज्यांना स्वच्छता मोहिमेत कित्येकदा गवत समजून उपटले जाते. खाडीच्या चिखलात तेच काम तिवरे करतात. त्यांना ‘डासांचे घर’ म्हणून तोडणाऱ्यांची आजही वाण नाही. मात्र मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये तिवरांचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग ठरविला असल्याने ते कृत्य आता निव्वळ अडाणीपणाचे राहिलेले नाही.

‘वादळे पूर्व किनाऱ्यावर होतात, आपला समुद्र शांत आहे’, असे मागील पिढीला म्हणता येत होते. २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत सुमारे ५२ टक्क्यांनी वाढली आणि त्यांचा एकूण कालावधी ८० टक्क्यांनी, असा निष्कर्ष पुण्याच्याच त्या हवामानशास्त्र संस्थेतून २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. समुद्राचे पाणी तापले हे त्याचे प्रमुख कारण. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळाच्या वेळी प्रारंभीचा अंदाज हरिहरेश्वर ते दमण या टापूचा होता, म्हणून पालघरच्या किनाऱ्यावरूनही हजारो लोकांना हलविण्यात आले. वादळ रायगडच्या किनाऱ्यावर गेले आणि ‘उगाच धावपळ केली’ अशी कुरकुर झाली. अंदाज चुकला असे त्याला म्हणत नाहीत. वादळाची वाट आधी एका पट्ट्याच्या रूपाने सांगितली जाते आणि जसजसे ते जवळ येते तसतसा पट्टा अरुंद होतो. पट्टा रुंद असतानाच माणसे हलवावी लागतात, कारण तो अरुंद होईपर्यंत वेळ उरत नाही. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ हे वादळ किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे जाऊन गुजरातेत शिरले. येथल्या भूमीवर न उतरताही त्याने वाटेत या किनाऱ्यावरच्या बागांचे आणि वीजवाहिन्यांचे जे केले, ते घोलवडच्या चिकूबागाईतदारांना निराळे सांगायला नको. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, परंतु चिकूचे झाड फळावर येऊन बहराला पोहोचायला वर्षे लागतात आणि उन्मळायला एक रात्र पुरते, हा हिशेब कोणत्याही मानांकनाने बदलत नाही.

उन्हाच्या बाबतीत किनाऱ्यावरचा माणूस विशेष गाफील असतो, कारण त्याला वाटते की उष्माघात हा नागपूर-चंद्रपूरचा रोग. भारतीय हवामान खात्याच्या निकषांत मैदानी प्रदेशाला उष्णतेच्या लाटेसाठी ४० अंशांची मर्यादा आहे, पण किनाऱ्यासाठी ती ३७ अंशांवरच ठेवलेली आहे. तापमान सरासरीपेक्षा किमान साडेचार अंश चढलेले असावे, एवढीच जोड-अट. दमट हवेत घाम सुकत नाही, आणि घाम सुकला नाही तर शरीर थंड होत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या जाहीर समारंभात चौदा माणसे दगावली, त्या दिवशी तेथील पारा विदर्भातल्यासारखा मुळीच नव्हता. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला, तो कामाच्या वेळा, पाण्याची सोय, दवाखान्यांची तयारी अशा स्वस्त गोष्टींचाच होता. भातकापणीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या तलासरीच्या मजुरांसाठी तशी तजवीज करायला मोठा निधी लागत नाही.

घराचा प्रश्न मात्र बिकट आहे. कारवीच्या कुडाची, माती-शेणाने सारवलेली भिंत आणि वर कौल किंवा पेंढा, हे वारल्यांचे घर उन्हाळ्यात खरोखरच सुखकर असते. त्याच्या जागी सिमेंट आणि पत्रा आला. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या परिसरात आणि डहाणू-तलासरीच्या गावोगाव भूकंपाचे धक्के बसू लागले, तेव्हा काही लोकांनी तेही ‘हवामान बदलल्यामुळे’ असे मानले. त्या धक्क्यांचे मूळ भूकवचात साठलेल्या ताणांत आहे, तापलेल्या हवेत नाही. पण दोन्ही संकटांची गाठ छपराशी पडते. हलके पत्र्याचे छप्पर भूकंपात जीव वाचविते, तेच वादळात उडून जाते आणि मे महिन्यात खालच्या माणसाला भाजून काढते. घरकुलाचा एकच नमुना सर्व राज्याला लावणाऱ्या योजनाकारांनी एक दुपार त्या छपराखाली काढावी.

दोन हजार मिलिमीटर पावसाच्या मुलुखात पाणीटंचाई कशी, याचे उत्तर भूगोलात आहे. कातळ बेसाल्टचा, उतार तीव्र, त्यामुळे पावसाळा संपताच ओढे आटतात आणि किनाऱ्याजवळच्या विहिरींत उपसा वाढला की खारे पाणी शिरते. पावसाळ्याच्या अखेरीस गोण्यांत माती भरून घातलेले वनराई बंधारे काही आठवडे पाणी धरतात, आणि त्या काही आठवड्यांवर एक भाजीपाला निघतो. पण याच मुलुखातले मोठे पाणी सूर्या नदीवरील धामणी धरणात आहे. डहाणू, पालघर आणि विक्रमगडच्या आदिवासी शेतीच्या सिंचनासाठी म्हणून तो प्रकल्प उभारला गेला. आज त्यातून दररोज ४०३ दशलक्ष लिटर पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदरला नेण्याची योजना आहे. त्या शहरांची तहान खरी आहे, हे नाकारता येणार नाही. तथापि एका शहराने आपली सुरक्षितता दुसऱ्याच्या शिवारातून उचलून आणली, तर तिला हवामानाला तोंड देण्याची तयारी म्हणता येत नाही. तो फक्त आपत्तीचा पत्ता बदलणे झाले.

राहिला तो समज, ज्यावर या तालुक्यात सर्वांत जास्त शाई खर्च झाली. तो असा की २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणूला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवून विकासाची वाट अडविली. त्या अधिसूचनेत हवामानबदलाचा प्रश्न विचारात नव्हता. उद्योगांच्या जमिनीला मर्यादा घालणे आणि भोवती संरक्षक पट्टा राखणे, एवढाच तिचा हेतू. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आले, त्याने १९९८ मध्ये वाढवणच्या नियोजित बंदराला नकार दिला आणि डहाणूच्या औष्णिक वीजकेंद्राला गंधकवायू धुऊन काढणारी यंत्रणा बसवायला भाग पाडले. ती २००७ मध्ये बसली, आणि तेव्हापासून ‘आमची चिमणी स्वच्छ आहे’ असे सांगितले जाते. गंधकाच्या बाबतीत ते खरे. त्याने चिकूच्या पानांचे आणि लोकांच्या फुप्फुसांचे रक्षण झाले. कर्बवायू मात्र त्या यंत्रणेतून तसाच बाहेर पडतो. जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने बंदराला संमती दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. समुद्रात भराव घालून उभ्या राहणाऱ्या त्या बंदरामुळे वाळूची ये-जा कोठे वळेल, हा यापुढे केवळ वाढवणचा प्रश्न राहत नाही, कारण दक्षिण-उत्तर साऱ्या कोळीवाड्यांचा किनारा त्याच वाळूवर उभा आहे.

तरीही निराशेचे कारण नाही, आणि ते सुरतेकडे पाहिले की पटते. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणाच्या विसर्गाने ते शहर बहुतांशी पाण्याखाली गेले. त्यानंतर धरण, नदी आणि नगर यांचे अंमलदार एका सूत्रात बांधून तेथे पूर्वसूचनेची पद्धत उभी केली गेली. डहाणूत असे सूत्र अधिक अवघड, कारण एकच ओढा वरच्या अंगाला ग्रामपंचायतीचा असतो, मोरीखाली रेल्वेचा, तिवरांत वन खात्याचा, खाडीत सागरी मंडळाचा, आणि मध्ये कोठेतरी नगरपरिषदेचा. प्रत्येक खात्याच्या कागदावर तो त्या हद्दीपुरताच ओढा. हे सारे नकाशे एप्रिलअखेर तहसील कचेरीच्या एका टेबलावर मांडून मोऱ्या साफ करण्याचे वेळापत्रक ठरविता येते, आणि धोक्याचा इशारा पाड्यापाड्यांवर वारलीत पोहोचविण्यासाठी आशा कार्यकर्त्या व पोलीस पाटील यांची यादी आधीच तयार ठेवता येते. या दोन्ही कामांना कोणत्याही नव्या कायद्याची गरज पडत नाही.