राजीनाम्यावर सही करण्यापूर्वी

गेल्या महिन्यात एक गृहस्थ दवाखान्यात आले. वय पंचेचाळीसच्या आसपास, सरकारी कार्यालयात वाहनचालक. मधुमेह जुना, त्यात पायाला जखम झाली, ती चिघळली आणि शेवटी गुडघ्याखाली पाय कापावा लागला. जखम चांगली भरली होती. त्या दिवशी ते औषधासाठी आलेच नव्हते. खिशातून घडी घातलेला कागद काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवला.

"डॉक्टर, जरा नजर घाला. अर्ज बरोबर लिहिला आहे ना?"

तो नोकरीच्या राजीनाम्याचा अर्ज होता. "गाडी तर आता चालवता येणार नाही. साहेब काही बोलले नाहीत, पण चार जण म्हणतात, काढून टाकण्यापेक्षा आपणहून सोडलेलं बरं," असे ते म्हणाले. बरोबर आलेल्या त्यांच्या पत्नी खाली मान घालून बसल्या होत्या. मी तो कागद वाचला आणि त्यांच्या परवानगीने माझ्या टेबलाच्या खणात ठेवून दिला.

असे मी का केले हे सांगायचे तर २००४ सालापर्यंत मागे जावे लागेल. त्या वर्षी माझ्या एका रुग्णाला स्कूटरचा अपघात होऊन उजवा हात कायमचा लुळा झाला. ते एका सरकारी कार्यालयात टंकलेखक होते. "हाताशिवाय टायपिंग कसे करणार?" म्हणून त्यांनी राजीनामा दिला. त्यापूर्वी त्यांनी मला विचारले होते. मी म्हणालो, "तब्येत महत्त्वाची, नोकरीचे काय एवढे!" पुढे त्यांनी दुकान टाकले, ते चालले नाही. थोरल्या मुलाचे शिक्षण मध्येच सुटले. काही वर्षांनी माझ्या वाचनात आले की त्यांची नोकरी टिकवणारा कायदा १९९६ पासून देशात लागू होता. मी त्यांचे एक्स-रे नीट पाहिले, हाताचे व्यायाम नीट सांगितले, पण त्यांच्या घरात पगार कोठून येणार याचा विचार केला नाही. ती चूक माझी होती. म्हणून आजचा लेख औषधांविषयी नाही. अपंगत्व आल्यावर नोकरी आणि मिळकत यांबाबत सरकारची धोरणे काय आहेत, ते समजून घेऊ.

नोकरीत असताना अपंगत्व आले तर

पहिला कायदा १९९५ चा. तो फेब्रुवारी १९९६ पासून अमलात आला. त्याच्या जागी आता दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आहे आणि तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यातील कलम २० प्रत्येक सरकारी कर्मचाऱ्याने लक्षात ठेवावे असे आहे. सेवेत असताना अपंगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढून टाकता येत नाही, की त्याचा दर्जा कमी करता येत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत आणि त्याच सेवालाभांसह दुसऱ्या पदावर घ्यावे लागते. तसे पद रिकामे नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत अधिसंख्य पदावर, म्हणजे त्याच्यासाठी जादा निर्माण केलेल्या पदावर ठेवावे लागते. केवळ अपंगत्वाच्या कारणावरून बढतीही नाकारता येत नाही.

२००३ साली सर्वोच्च न्यायालयाने पाय गमावलेल्या एका शिपायाच्या प्रकरणात हाच अर्थ स्पष्ट केला. त्याला अपात्र ठरवून घरी पाठवले होते. न्यायालयाने त्याचा नोकरीवरचा हक्क मान्य केला. अपात्रतेचे निवृत्तिवेतन देऊ केले म्हणून हा हक्क संपत नाही, असेही सांगितले.

मात्र आपणहून राजीनामा दिला की ही सारी ढाल आपल्याच हाताने खाली ठेवल्यासारखे होते. सल्ला देणारे चार जण भल्या मनाने बोलतात, पण त्यांना कायदा माहीत नसतो. माझ्यासारख्या डॉक्टरलाही तो माहीत नव्हता! सशस्त्र दलांतील काही पदांना सरकारने या कायद्याच्या काही तरतुदींतून सूट दिलेली आहे, तेव्हा तेथील मंडळींनी आधी चौकशी करावी. खाजगी नोकरीला कलम २० मधील हे संरक्षण नाही. पण कामगार राज्य विमा योजनेत नाव असेल आणि कामावर अपघात झाला असेल, तर कायमच्या अपंगत्वाबद्दल दरमहा लाभ मिळू शकतो. त्यासाठी अपघाताची नोंद त्याच वेळी करून घ्यावी.

टक्के कशाचे मोजतात?

बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते. या टक्क्यांबद्दल लोकांच्या मनात फार गोंधळ आहे. "मला ६० टक्के दिले, म्हणजे मी फक्त ४० टक्के कामाचा राहिलो का?" असे एका तरुणाने मला विचारले होते. तसे मुळीच नाही. हे टक्के शरीराच्या त्या भागाची किंवा इंद्रियाची हानी किती झाली ते सांगतात. सांधा किती वाकतो, स्नायूत किती जोर आहे, किती ऐकू येते, किती दिसते, याचे ते मोजमाप आहे. दोन्ही पायांत पोलिओ असलेला माणूस ८० टक्के अपंग ठरेल, पण हिशेब लिहिण्यात तो कोणापेक्षाही कमी नसेल. उलट, कागदावर अपंगत्व कमी असलेल्या हमालाचे पोट त्या एका दुखावलेल्या कमरेवरच अवलंबून असते. मानसिक आजारात मात्र स्वतःची देखभाल, माणसांशी वागणे, संवाद आणि काम या सर्वांचा विचार करून टक्के ठरतात.

आणखी एक नेहमीचा प्रश्न. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा उत्तम असेल तर ३० टक्के धरतात, म्हणजे तो माणूस ४० टक्क्यांच्या अटीत बसत नाही. दोन प्रकारची अपंगत्वे असतील तर त्यांची सरळ बेरीजही होत नाही. ४० आणि ३० मिळून ७० होत नाहीत. ठरलेल्या सूत्राने ते सुमारे ५७ होतात. म्हणून मंडळाने कमी टक्के दिले की लगेच अन्याय झाला असे समजू नये. खरोखरच चूक वाटत असेल तर अपील करण्याची सोय आहे.

१९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, आता २१ आहेत. ॲसिड हल्ल्यातील पीडित, कंपवात, स्वमग्नता, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि आपल्या विदर्भात व आदिवासी भागात आढळणारा सिकलसेल यांचा त्यात समावेश झाला आहे.

प्रमाणपत्र कसे काढावे?

आता अर्ज केंद्र सरकारच्या 'स्वावलंबन' या संकेतस्थळावर करावा लागतो. स्वतः जमत नसेल तर सेतू किंवा महा ई-सेवा केंद्रात भरून मिळतो. आधार कार्ड, फोटो, राहण्याचा पुरावा आणि उपचारांचे कागद जवळ ठेवावेत. त्यानंतर जिल्हा रुग्णालयात किंवा नेमून दिलेल्या रुग्णालयात तपासणी होते आणि प्रमाणपत्राबरोबर वैश्विक ओळखपत्र मिळते. ते देशभर चालते.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आजार किंवा अपघात ताजा असताना कायमचे टक्के ठरवता येत नाहीत. उपचार पूर्ण होऊन स्थिती स्थिर व्हावी लागते. पक्षाघाताच्या रुग्णाचा हात काही महिन्यांत बराच सुधारू शकतो. सुधारणेची शक्यता असेल तर ठराविक मुदतीचे प्रमाणपत्र देतात आणि मुदत संपल्यावर फेरतपासणी होते. म्हणून रुग्णालयातून घरी सोडल्याचा कागद, शस्त्रक्रियेची नोंद, जुने एक्स-रे हे सारे जपून ठेवा. पावसाळ्यात छत गळून केसपेपर भिजला, म्हणून दोन-दोन वर्षे अडकलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

काही घरांत "शिक्का बसेल" म्हणून प्रमाणपत्रच काढत नाहीत, विशेषतः लग्नाच्या वयाच्या मुलींचे आणि मनोरुग्णांचे. आईवडिलांची भीती मला समजते. पण कागद नाही म्हणून अपंगत्व लपत नाही, फक्त हक्क बुडतो.

दरमहाची मदत

ज्यांना काम करणे शक्य नाही किंवा काम मिळत नाही, त्यांच्यासाठी राज्याची संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून आहे. ६५ वर्षांखालील दिव्यांग व्यक्ती त्यासाठी अर्ज करू शकतात. त्यानंतर श्रावणबाळ योजना आहे. २०२३ मध्ये अनुदान १,००० वरून १,५०० रुपये झाले आणि दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून ते २,५०० रुपये करण्याचा निर्णय झाला. अर्ज तहसील कार्यालयात जातो. रहिवासाचा व उत्पन्नाचा दाखला, प्रमाणपत्र आणि आधार जोडलेले बँक खाते लागते. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला विसरू नये. अनेकांचे अनुदान एवढ्यावरूनच थांबते.

दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील ८० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांना केंद्राच्या इंदिरा गांधी योजनेतून महिना ३०० रुपये मिळतात आणि राज्य त्यात भर घालते. शिवाय ग्रामपंचायत व नगरपालिका यांनी आपल्या स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करावयाची असते. ग्रामसभेत हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

संजय गांधी योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० रुपये आहे. महिन्याला हे सव्वाचार हजारांच्याही आत बसते. घरातील एक जण रोज मजुरीला जात असला तरी ही मर्यादा ओलांडली जाते. अनुदान वाढले ही चांगली गोष्ट झाली, पण मर्यादेचाही विचार व्हायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. एरवी अनुदान जाईल या भीतीने माणूस हाती आलेले काम नाकारतो. अशा मंडळींना मी एवढेच सांगतो, की हिशेब करा. २,५०० रुपयांप्रमाणे वर्षाचे ३०,००० होतात. बऱ्या पगाराचे नियमित काम मिळत असेल तर ते सोडू नये. कामाने पैसा तर येतोच, पण माणूस घराबाहेर पडतो, हालचाल होते, मन रमते. रिकाम्या बसलेल्या माणसाला जे नैराश्य येते त्यावर मला गोळ्या लिहून द्याव्या लागतात.

कामाचे दरवाजे

सरकारी नोकरीत पूर्वी ३ टक्के असलेले आरक्षण २०१६ च्या कायद्याने ४ टक्के झाले. अंध व अल्पदृष्टी १ टक्का, कर्णबधिर १ टक्का, अस्थिव्यंग, मेंदूचा पक्षाघात, बरा झालेला कुष्ठरोग इत्यादींना १ टक्का आणि स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार, बहुविकलांगता यांना मिळून १ टक्का. यात एक उणीव आहे. सिकलसेल व थॅलेसेमियाचे रुग्ण २१ प्रकारांत आहेत, पण नोकरीतील या चार गटांत नाहीत.

खाजगी क्षेत्राला आरक्षणाची सक्ती नाही. आपल्या नोकरवर्गात किमान ५ टक्के दिव्यांग असावेत यासाठी सरकारने त्यांना प्रोत्साहन द्यावे, एवढेच कायदा म्हणतो. ज्यांना स्वतःचा धंदा करायचा आहे त्यांच्यासाठी राज्याचे दिव्यांग वित्त व विकास महामंडळ कमी व्याजाने कर्ज देते. आपल्या गावातील दुकानदार, कारखानदार, संस्थाचालक यांना मात्र एक विनंती आहे. उंबऱ्याशी एक उतरती फरशी, बसायला योग्य उंचीची खुर्ची, एवढ्याने एखाद्याचे काम सुरू होत असेल तर कायद्याची वाट कशाला पाहायची?

एक कडू गोष्टही सांगतो. "डॉक्टर, थोडे टक्के वाढवून मिळतील का?" असे विचारणारेही येतात. धडधाकट माणसाने खोट्या कागदावर मिळवलेली प्रत्येक जागा खऱ्या दिव्यांगाच्या ताटातली असते. फसवून लाभ घेणाऱ्यास २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

आता त्या वाहनचालकांविषयी. त्यांनी कलम २० चा उल्लेख करून दुसऱ्या पदासाठी कार्यालयात अर्ज दिला आहे. अर्जाच्या प्रतीवर पोच घेतली आहे. प्रमाणपत्रासाठी तपासणीची तारीख मिळाली आहे आणि कृत्रिम पायाचे मापही देऊन झाले आहे. कार्यालयाचा निर्णय यायचा आहे. परवा साखर तपासायला आले तेव्हा वहिनींनी हळूच विचारले, "डॉक्टर, तो कागद तुमच्याकडेच आहे ना?" म्हटले, "माझ्याकडेच आहे आणि राहील."

पुढील आठवड्यात : मधुमेहींनी पायांची निगा कशी राखावी?