कुंभकोणमचा बंद प्रिंटर

तंजावर म्हटलं की आपल्याला सरस्वती महाल ग्रंथालय आणि मोडी लिपीतले कागद आठवतात. भोसल्यांच्या दरबारातले पगार, खरेदी, देणग्या, सगळ्याची नोंद. त्या काळचा 'बिग डेटा'च म्हणा ना!

त्याच जिल्ह्यात, कुंभकोणमला, १९०४ साली सुरू झालेली सिटी युनियन बँक आहे. अशा बँकेला नोंदींमधून काय कळत नाही? भाताचे पैसे कधी येतात, कुठल्या दुकानदाराला सणाआधी खेळतं भांडवल लागतं, कोणाचा हप्ता थकणार. कर्ज द्यायचं की नाही, हे ठरवायला याहून चांगला आधार नाही.

पण फेब्रुवारी २०१८ मध्ये चोर याच बँकेच्या यंत्रणेत शिरले. स्विफ्टमार्फत (बँकांमधली आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणा) दुबई, तुर्कस्तान आणि चीनकडे मिळून सुमारे २० लाख डॉलर पाठवायचे आदेश गेले. व्यवहारांच्या पावत्या छापणारा प्रिंटर त्यांनी आधीच बंद पाडला होता (डोकं बघा!). दुसऱ्या दिवशी ताळमेळ घालताना आकडे जुळेनात, तेव्हा चोरी उघड झाली. दुबईची रक्कम वाटेतच अडवता आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे सायबर हल्ल्यात ९४ कोटी रुपये गेले.

चोर पैशांपर्यंत पोचतात, तसे गिऱ्हाइकांच्या माहितीपर्यंतही पोचू शकतात. ती नीट सांभाळली नाही, तर आता २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्यामुळे व्यावसायिक मित्रांनो, बिल करताना गिऱ्हाइकाची जन्मतारीख कशाला मागता? केक पाठवणार आहात का?