धावती मोटारसायकल आणि मोकाट कुत्रे : कळंब परिसराच्या संदर्भात एक विवेचन

पुणे-नाशिक मार्गावर मंचर आणि नारायणगाव यांच्या दरम्यान, आंबेगाव तालुक्यात कळंब हे गाव आहे. डिंभे धरणाच्या पाण्याने घोड नदीच्या खोऱ्यातील शेती बागायती झाली आणि ऊस, कांदा, बटाटा व भाजीपाला ही या टापूची प्रमुख पिके ठरली. शेती बागायती झाल्याने पुष्कळशी कुटुंबे गावठाण सोडून आपापल्या रानात वस्ती करून राहू लागली. वस्ती आणि गाव यांना जोडणारे वाहन म्हणजे मोटारसायकल. पहाटे दुधाचे कॅन डेअरीवर पोहोचविणे, रात्री वीज आल्यावर शेतीपंप सुरू करण्यास जाणे, मुलांना शाळेत सोडणे, ही सारी कामे तिच्यावरच होतात. प्रत्येक वस्तीवर गुरे, शेळ्या, कोंबड्या आणि कांदाचाळ यांच्या राखणीस एखाददुसरे कुत्रे असते, आणि ते बहुधा मोकळेच असते. या दोन गोष्टी एकत्र आल्या की, वाहनामागे भुंकत धावणारे कुत्रे हा प्रसंग अटळपणे उद्भवतो. तो इतका नित्याचा आहे की त्याचा शास्त्रीय विचार करावा असे सहसा कोणास वाटत नाही. परंतु या प्रसंगाने माणसे पडतात, जायबंदी होतात, क्वचित प्राणासही मुकतात. आणि त्यावर सुचविले जाणारे उपाय बहुधा कारणाचा विचार न करताच सुचविलेले असतात. म्हणून प्रथम कारणाचा विचार करणे अगत्याचे आहे.

या वर्तनाची जी कारणे लोकांत सांगितली जातात त्यांपैकी दोन विशेष प्रचलित आहेत. पहिले असे की, वाहनाच्या चाकावर दुसऱ्या कुत्र्याने मूत्र टाकलेले असते व त्या वासाने कुत्रे खवळते. कुत्री चाकांवर मूत्र टाकतात व वासाने परस्परांची ओळख पटवितात, हे खरे आहे. तथापि पाठलाग केवळ वाहनांचाच होतो असे नाही. धावणारी मुले, पळणारी शेळी, वाऱ्याने उडणारा कागद यांच्याही मागे कुत्री धावतात. तेव्हा वास हे मुख्य कारण मानता येत नाही. दुसरे कारण असे सांगतात की, पाठलाग करणारे कुत्रे पिसाळलेले असते. वस्तुतः पिसाळलेल्या कुत्र्याचे वर्तन दिशाहीन असते. ते आपला परिसर सोडून भरकटते आणि वाटेत येईल त्यास चावते. ठरावीक वळणावर, ठरावीक हद्दीपर्यंत धावून परत फिरणारे कुत्रे हे बहुतांशी निरोगी कुत्रेच असते.

खऱ्या कारणांचा उलगडा तीन पातळ्यांवर होतो : सहजप्रवृत्ती, प्रदेशभावना आणि अभ्यास.

कुत्र्याचा पूर्वज लांडगा. लांडग्याच्या शिकारीत क्रियांची एक साखळी असते : सावज हेरणे, रोखून पाहणे, दबा धरून पुढे सरकणे, पाठलाग करणे, पकडणे आणि ठार मारणे. माणसाळल्यावर कुत्र्याच्या निरनिराळ्या जातींत या साखळीतील काही दुवे क्षीण झाले व काही शिल्लक राहिले, असे अमेरिकन जीवशास्त्रज्ञ रेमंड कॉपिंगर यांनी विस्ताराने दाखविले आहे. मेंढरे वळविणाऱ्या जातींत पाठलागाचा दुवा प्रबळ, तर पकडण्याचा व मारण्याचा दुवा दुबळा असतो. गावकुत्र्यांतही पाठलागाचा दुवा जिवंतच आहे. त्यास चालना देणारा उद्दीपक म्हणजे दूर पळत जाणारी वस्तू. ती वस्तू खाद्य आहे की लोखंड, हा प्रश्न त्या क्षणी उद्भवत नाही. म्हणूनच वाहन थांबले की पुष्कळदा कुत्रेही थांबते आणि आता काय करावे हे न कळल्यासारखे उभे राहते. उद्दीपकच नाहीसा झाला म्हणजे प्रतिक्रियाही ओसरते.

दुसरी पातळी प्रदेशभावनेची. वस्तीचे अंगण, उकिरडा, बांध आणि रस्त्याचा काही भाग एवढे क्षेत्र कुत्रे आपले मानते. अनोळखी वाहनाने त्यात शिरकाव केला की ते भुंकून इतरांना सावध करते व हद्दीबाहेर जाईपर्यंत त्याची पाठ सोडत नाही. रोजच्या दूधवाल्याकडे दुर्लक्ष करणारे कुत्रे परक्याच्या अंगावर धावते, याचे कारण हेच. भारतातील मोकाट कुत्र्यांच्या वर्तनाचे सूक्ष्म निरीक्षण अनिंदिता भद्रा व त्यांचे सहकारी यांनी बंगालमध्ये केले आहे. त्यावरून असे दिसते की, पिल्ले जन्मण्याचा हंगाम साधारणतः ऑक्टोबर ते मार्च हा असतो. या काळात व्यालेली मादी अधिक आक्रमक होते, हे कोणत्याही शेतकऱ्यास ठाऊक आहे. ऊसतोडीचा व गाळपाचा हंगामही बहुतांशी याच महिन्यांत येतो आणि आडरस्त्यांवरची वर्दळ वाढते. म्हणजे कुत्र्यांची सावधता व वाहनांची संख्या ही दोन्ही एकाच वेळी चढणीस लागतात.

तिसरी पातळी अभ्यासाची. व्यावहारिक दृष्ट्या तीच सर्वांत महत्त्वाची होय. कुत्रे वाहनामागे धावते, वाहन निघून जाते. वाहन जाणारच होते, हे कुत्र्यास कळत नाही; आपण धावलो म्हणून ते पळाले, एवढाच संबंध त्याच्या ठायी दृढ होतो. ज्या क्रियेचा परिणाम इष्ट होतो ती क्रिया पुनःपुन्हा केली जाते, हे स्किनर यांनी मांडलेले प्रबलनाचे तत्त्व येथे तंतोतंत लागू पडते. दिवसातून वीस वाहने गेली तर कुत्र्यास वीस वेळा विजय मिळतो. यावरून हेही उघड होते की, घाबरून वेग वाढविणारा स्वार स्वतःची सुटका करून घेतो खरा. पण त्याच्या मागून येणाऱ्यासाठी तो त्या कुत्र्यास अधिक पक्के शिकवून जातो. एका कुत्र्याचे पाहून दुसरी धावू लागतात आणि टोळी जमली की एकट्याने चावण्यास न धजणारे कुत्रेही धीट बनते.

आता स्वाराच्या बाजूने विचार करावयाचा. अशा प्रसंगी इजा बहुधा दाताने होत नाही, तोल गेल्याने होते. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल एका सेकंदात सुमारे ११ मीटर अंतर कापते. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो असे धरले, आणि त्यानंतर दर सेकंदास सेकंदाला ५ मीटर या प्रमाणात वेग कमी होतो असे मानले, तर वाहन थांबण्यास एकूण सुमारे २३ मीटर लागतात. हाच वेग ६० असेल तर सुमारे ४५ मीटर, आणि २० असेल तर अवघे ९ मीटर पुरतात. गावकुत्रे थोड्या अंतरापुरते ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगाने धावू शकते. म्हणजे आडरस्त्यावर त्याच्याशी शर्यत लावण्यात फारसा अर्थ नाही. उलट वाढविलेल्या वेगाने प्रत्येक खड्डा अधिक घातक होतो. त्यात दोन्ही बाजूंस दुधाचे भरलेले कॅन असतील, अथवा मागे एका बाजूस पाय सोडून बसलेली स्त्री असेल, तर वाहनाचा तोल मुळातच नाजूक असतो. कुत्र्याला लाथ मारण्यासाठी उचललेला पाय हाच अशा वेळी पडण्याचे कारण ठरतो.

यावरून स्वाराच्या वर्तनाचे काही नियम निघतात. कुत्री दूरवरून दिसताच वेग उतरवावा. हॅंडल सरळ व घट्ट धरावे. रस्ता सोडून कडेच्या मुरमात उतरू नये. पाय पायटीवरच ठेवावेत. वेग आधीच कमी असेल तर कुत्र्यांजवळून संथपणे व एकसारख्या गतीने जाता येते. रस्ता निर्धोक असेल तर हळूहळू थांबून, वाहन आपल्या व कुत्र्याच्या मध्ये राहील असे उभे राहावे, अंगावर धावून जाऊ नये आणि पाठही दाखवू नये. बहुतेक कुत्री तेथेच माघार घेतात. मात्र महामार्गावर मागून भरधाव वाहने येत असता एकाएकी थांबणे हा कुत्र्याहून मोठा धोका आहे, हे विसरता कामा नये. शिरस्त्राण तर हवेच. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या १२९ व्या कलमाने ते बंधनकारक आहे. परंतु 'इथल्या इथे तर जायचे' या सबबीखाली ज्या आडरस्त्यावर ते घातले जात नाही, नेमक्या त्याच रस्त्यावर कुत्री असतात.

चावा बसलाच तर मात्र विलंब अक्षम्य होय. जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवावी; हळद, चुना, तिखट असे काही लावू नये; आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लस सुरू करावी. जखम खोल असेल अथवा रक्त आले असेल तर लसीबरोबर प्रतिपिंडेही द्यावी लागतात. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याची जुनी पद्धत केव्हाच बंद झाली असून आता दंडात चार-पाच मात्रा पुरतात. तरीही त्या जुन्या धास्तीने लस टाळणारी माणसे आहेत. रेबीजची लक्षणे एकदा प्रकट झाली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून येथे धास्तीची किंमत प्राणाने मोजावी लागते.

कुत्री नाहीशी करावीत, हा विचार संतापाच्या भरात सहज सुचतो. तो नवा नाही. १८३२ साली मुंबईत सरकारने मोकाट कुत्री मारण्याची मोहीम चालविली, तेव्हा जून महिन्यात पारशी व हिंदू समाजांतील लोक रस्त्यावर उतरून दंगल झाली. पुढे मुंबई महापालिकेनेही दीर्घकाळ कुत्री मारली. तथापि त्यांची संख्या आटोक्यात आली नाही व अखेर नसबंदीच्या मार्गाचा अवलंब करावा लागला. याचे कारण असे की, कुत्र्यांची संख्या उपलब्ध खाद्यावर अवलंबून असते. खाद्य तेवढेच राहिले तर रिकाम्या झालेल्या जागी शेजारची कुत्री येतात. कळंबसारख्या भागात हे खाद्य म्हणजे उघडा उकिरडा, ढाब्यामागील खरकटे, मटणाच्या दुकानांतील टाकाऊ भाग आणि कुक्कुटपालनाच्या शेडमधील मेलेल्या कोंबड्या. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधामुळे १९९० नंतर देशातील गिधाडांचा जवळजवळ नाश झाला आणि उघड्यावर पडलेले मृत जनावर प्रामुख्याने कुत्र्यांच्या वाट्यास आले, हेही येथे ध्यानात घ्यावयास हवे.

जुन्नर-आंबेगाव भागात या प्रश्नास आणखी एक पदर आहे, तो बिबट्याचा. लगतच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचे परीक्षण केले. तेव्हा बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने सुमारे ८७ टक्के भाग पाळीव प्राण्यांचा, आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के भाग आढळला. म्हणजे वस्तीवरचे कुत्रे बिबट्याची वर्दी देते आणि त्यालाच वस्तीकडे ओढूनही आणते. कुत्री एकाएकी नाहीशी केल्यास बिबट्याचा भार शेळ्या-वासरांवर पडण्याची शक्यता दृष्टिआड करता येत नाही; आणि ती बेसुमार वाढू दिल्यास बिबट्याचे अन्न वाढते. शेतकऱ्यास कुत्रे हवे आहे, पण ते आपल्या अंगणात व आपल्या ताब्यात हवे, असाच याचा निष्कर्ष निघतो.

कायद्याची दिशाही हीच आहे. प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० अन्वये केलेल्या २०२३ च्या नियमांप्रमाणे मोकाट कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण करण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर, पंचायतींसह, टाकलेली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिलेल्या आदेशानुसार अशी कुत्री मूळ जागी सोडावयाची आहेत. मात्र पिसाळलेल्या, संशयित व आक्रमक कुत्र्यांस हे लागू नाही. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके अशा ठिकाणांहून कुत्री हलविण्यास सांगितले. पाळलेल्या जनावरापासून इतरांना धोका होऊ नये याची काळजी न घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाखाली अपराध आहे. खेड्यातील पुष्कळशी 'मोकाट' कुत्री वस्तुतः कोणाच्या तरी घरची असतात, हे लक्षात घेता या कलमाचे महत्त्व कळून येते.

तथापि नसबंदीकडून भलती अपेक्षा करणे योग्य नव्हे. तिने संख्या घटते, नरांचे भटकणे व मारामाऱ्या कमी होतात, व्यालेल्या मादीचा प्रश्न मिटतो. परंतु वाहनामागे धावण्याची जडलेली सवय शस्त्रक्रियेने जात नाही. ती अभ्यासाने जडली, अभ्यासानेच सुटावयाची. याचा मार्ग मालकाच्या हाती आहे. रहदारीच्या वेळी कुत्रे लांब दोरीने बांधावे. उभ्या मोटारसायकलजवळ, मग इंजिन सुरू असलेल्या मोटारसायकलजवळ, मग संथ चालणाऱ्या मोटारसायकलजवळ त्यास शांत बसवून भाकरीचा तुकडा द्यावा. पाठलागाने मिळणारा विजय बंद झाला आणि शांत राहण्याने खाद्य मिळू लागले की, सवय हळूहळू पालटते. लहान वयात हे अधिक सुलभ होते.

सामूहिक प्रयत्नाचे फळ काय मिळू शकते, याचे उदाहरण महाराष्ट्राच्या शेजारीच आहे. गोव्यात गेल्या दशकात घरोघर व रस्तोरस्ती कुत्र्यांचे लसीकरण, शाळांतून शिक्षण आणि रोगाची नियमित पाहणी अशी मोहीम राबविली गेली. दरवर्षी सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस टोचण्याचे उद्दिष्ट तीत ठेवले होते. परिणामी माणसांतील रेबीजचे मृत्यू थांबले आणि २०२१ मध्ये गोवा हे रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले. तेथे कुत्री नाहीशी झाली नाहीत. त्यांच्यापासूनचा सर्वांत भयंकर धोका तेवढा दूर झाला.

भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा महाराष्ट्रात घरोघर ठाऊक आहे. खंडोबाच्या व दत्ताच्या सान्निध्यातही कुत्रे आहे. ज्या समाजात या प्राण्यास इतके जवळचे स्थान आहे, तेथे त्याला भाकर घालणे ही पूर्वापार रीत आहे. त्याला बांधणे, लस टोचणे व शिकविणे ही तिच्याच पुढची पायरी होय. ती चढली गेली नाही तर पहाटेच्या अंधारात दुधाचे कॅन घेऊन निघालेला स्वार आणि त्याच्यामागे धावणारे कुत्रे या दोघांनाही दुसऱ्याच्या हलगर्जीपणाची किंमत मोजावी लागेल.