विश्लेषण : झोपेत केलेल्या कृत्याला जबाबदार कोण? ‘ड्रीम थिएटर’च्या अल्बमचा विषय असलेला ‘पॅरासोम्निया’ काय आहे?

डोळे उघडे आहेत, खोली ओळखीची आहे, पण हात हलत नाही, ओरडता येत नाही आणि छातीवर कुणीतरी बसले आहे... असा अनुभव सुमारे ८ टक्के लोकांना आयुष्यात एकदा तरी येतो, असे संशोधकांचा अंदाज सांगतो. ‘ड्रीम थिएटर’ या अमेरिकी प्रोग्रेसिव्ह मेटल बँडने झोपेतल्या अशाच विकारांवर ७१ मिनिटांचा अल्बम तयार केला आहे. ‘पॅरासोम्निया’ हा त्यांचा १६ वा स्टुडिओ अल्बम ७ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रकाशित झाला. त्यातील तीन गाणी त्याआधीच ऐकायला मिळाली होती.

या अल्बमची इतकी चर्चा का?

पहिले कारण ढोलताशांशी, म्हणजे ड्रमशी संबंधित आहे. जॉन पेत्रुची, जॉन म्युंग आणि माइक पोर्टनॉय या तिघांनी १९८५ मध्ये बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात शिकताना हा बँड सुरू केला. ड्रमर पोर्टनॉय २०१० मध्ये बाहेर पडला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये परतला. त्याच्यासह बँडने केलेला शेवटचा अल्बम २००९ मधला. त्यामुळे चाहत्यांनी जवळपास १६ वर्षे वाट पाहिली आहे. मधल्या काळात बँड थांबला नव्हता, उलट २०२२ मध्ये त्यांना पहिले ग्रॅमीही मिळाले. तरीही जुनी मंडळी एकत्र आली की श्रोत्यांना जे वाटायचे ते वाटतेच.

प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणजे काय?

मेटलचे वजन आणि वेग, पण मांडणी लांबलचक. गाणे १० मिनिटांचे असू शकते, अर्ध्यावर चाल बदलते, ताल तर सतत बदलतो. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीत बहुतेक वेळा चार मात्रांवर चालते. येथे ५, ७ किंवा ९ मात्रांचे तुकडे येतात. रूपक तालाच्या ७ मात्रांची सवय असलेल्या मराठी कानांना विषम मात्रांचे अप्रूप वाटणार नाही. फरक इतकाच, की रूपकात समेचा भरवसा असतो आणि येथे दोन ओळींनंतर आवर्तनच बदललेले असते. बहुतेक टीकाकारांचा आक्षेपही हाच, की कसरत फार आणि भावना कमी. हा आक्षेप अगदीच निराधार नाही. मात्र कधी बेसावध करणारे, कधी दचकवणारे हे संगीत झोपेच्या विकारांना जितके शोभते, तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या विषयाला शोभले असते.

हा ‘कन्सेप्ट अल्बम’ आहे का?

हो, पण कथेच्या अर्थाने नव्हे. १९९९ च्या ‘सीन्स फ्रॉम अ मेमरी’मध्ये संमोहनाखाली असलेल्या नायकाला मागच्या जन्मातील खून दिसतो. ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक गोष्ट होती. २०१६ च्या ‘द अ‍ॅस्टॉनिशिंग’मध्ये तर दोन तासांहून अधिक लांबीचे आणि ३४ तुकड्यांचे आख्यान होते. ‘पॅरासोम्निया’मध्ये मात्र पात्रे नाहीत. आठ तुकडे एका विषयाने बांधलेले आहेत. स्वप्नदेवता मॉर्फियसच्या नावाच्या वाद्यसंगीताने सुरुवात होते आणि साडेएकोणीस मिनिटांच्या ‘द शॅडो मॅन इन्सिडन्ट’ने शेवट.

‘पॅरासोम्निया’ नेमके कशाला म्हणतात?

ग्रीकमधील ‘पॅरा’ म्हणजे शेजारी, लगत आणि लॅटिनमधील ‘सोम्नस’ म्हणजे झोप. निद्रानाशात झोप येत नाही. पॅरासोम्नियात झोप येते, पण तिच्यासोबत दुसरेच काही घडते. झोप आणि जाग हे बटण दाबल्यासारखे चालू-बंद होत नाहीत. मेंदूचा एक भाग जागा होतो, दुसरा झोपलेलाच राहतो. उठून चालायला लावणारा भाग जागा आणि ‘मी काय करतो आहे’ हे जाणणारा भाग झोपलेला असेल, तर माणूस झोपेत चालतो.

ऑक्टोबरमध्ये आलेले ‘नाइट टेरर’ हे पहिले गाणे अशाच एका प्रकाराचे नाव घेते. यात गाढ झोपेतला माणूस, बहुधा लहान मूल, रात्रीच्या पहिल्या तिसऱ्या भागात किंचाळत उठतो. डोळे उघडे असतात, पण आई समोर असूनही तो तिला ओळखत नाही. सकाळी त्याला काही आठवत नाही, आई मात्र विसरत नाही. दु:स्वप्न वेगळे. ते पहाटेच्या बाजूला येते आणि लक्षात राहते. डिसेंबरमध्ये आलेले ‘अ ब्रोकन मॅन’ युद्धावरून परतलेल्या आणि रात्री पुन्हा रणांगणावर जाणाऱ्या सैनिकांबद्दल आहे.

छातीवर बसणारे ते कोण?

स्वप्ने पडत असताना मेंदू स्नायूंना जखडून ठेवतो, नाहीतर आपण स्वप्नात पळताना पलंगावरून पडलो असतो. कधी कधी जाग आधी येते आणि स्नायू मोकळे व्हायला उशीर होतो. स्वप्नाचे अवशेष तेव्हा खोलीतच दिसतात. दाराशी सावली, छातीवर दाब. अल्बममधील ‘शॅडो मॅन’ तो हाच.

प्रत्येक समाजाने त्याला आपापले नाव दिले. न्यूफाउंडलंडमध्ये ती म्हातारी चेटकीण असते. १७८१ मध्ये हेन्री फ्यूझेलीने निजलेल्या स्त्रीच्या छातीवर बसलेला विचित्र जीव रंगवला. जपानी भाषेतील ‘कानाशिबारी’चा शब्दश: अर्थ ‘धातूने जखडणे’ असा आहे. मेटल बँडला याहून योग्य शब्द मिळाला नसता! आपल्याकडे उशाखाली सुरी किंवा अडकित्ता ठेवला जातो, अंगारा लावला जातो. डॉक्टरकडे जाणे मात्र सहसा सुचत नाही. एकदोनदा असे झाले तर जाण्याची गरजही नसते. वारंवार होत असेल किंवा दिवसा अनावर झोप येत असेल, तर तपासणी हवी. उतारवयात माणूस स्वप्नाबरहुकूम लाथाबुक्क्या मारू लागला, तर ते हसण्यावारी नेऊ नये. त्यामागे पुढे येणाऱ्या पार्किन्सन्सची चाहूल असू शकते.

झोपेत खून झाला तर?

‘डेड अस्लीप’ हे गाणे सर्वात अवघड प्रश्नाला हात घालते. झोपेत आपल्या हातून जवळच्याच माणसाचा जीव गेला तर काय? ही कविकल्पना नाही. १९८७ मध्ये कॅनडात एक तरुण रात्री उठला, सुमारे २३ किलोमीटर गाडी चालवत सासुरवाडीला गेला, सासूला ठार केले आणि सासऱ्याला जखमी केले. नंतर तो स्वत:च पोलीस ठाण्यात हजर झाला. ज्युरीने त्याला निर्दोष ठरवले आणि १९९२ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. गुन्हा ठरण्यासाठी कृती स्वेच्छेची असावी लागते आणि झोपलेल्याला इच्छा नसते, असा त्यामागचा विचार होता.

पण अमेरिकेतील अ‍ॅरिझोनात १९९७ मध्ये पत्नीचा खून करणाऱ्याचा हाच बचाव ज्युरीने फेटाळला. त्याने रक्ताचे कपडे आणि सुरी लपवून ठेवली होती. झोपलेला माणूस पुरावे लपवतो का, हा प्रश्न तेथे निर्णायक ठरला आणि त्याला जन्मठेप झाली. दोन्ही खटल्यांत निद्रातज्ज्ञांनी आरोपी झोपेतच होता अशी साक्ष दिली होती. घटनेच्या रात्री मेंदूत काय चालले होते, हे नंतर मोजता येत नाही. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत झोपवून केलेल्या नोंदी अशी प्रवृत्ती आहे एवढेच सांगू शकतात.

श्रोत्यांनी कोठून सुरुवात करावी?

‘नाइट टेरर’ जवळपास १० मिनिटांचे आहे. ऑक्टोबरपासून सुरू झालेल्या बँडच्या चाळिशीनिमित्तच्या दौऱ्यात ते वाजवलेही गेले आहे. मेटलची सवय नसेल, तर ‘अ ब्रोकन मॅन’ आधी ऐकावे. तिसरे, ‘मिडनाइट मसाया’, जानेवारी २०२५ मध्ये आले. त्याचे शब्द पोर्टनॉयचे आहेत आणि त्यात बँडच्या जुन्या गाण्यांचे संदर्भ पेरलेले आहेत, त्यामुळे नव्या श्रोत्याला त्यातली निम्मी गंमत कळणार नाही. उरलेल्या पाच तुकड्यांसाठी ७ फेब्रुवारीची वाट पाहावी लागली. हेडफोन लावून दिवे मालवून ऐकायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.