भाजावळ, वणवा आणि वाढते ऊन



देवरूखच्या आसपास पाऊस कमी पडतो असे कोणी म्हणणार नाही. आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचे सरासरी पाऊसमान तीन हजार मिलिमीटरच्या पुढे आहे. तरी एप्रिल उजाडला की वरच्या वाड्यांत टँकरची वाट बघावी लागते. हे दुखणे जुनेच. पण गेल्या काही वर्षांत त्यात नवी भर पडली आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आले, लगेच पुढच्या मे महिन्यात तौक्ते आले, आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले. मार्च २०२२ हा देशाच्या सरासरीने १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. ऐन कणी-सुपारीएवढा आंबा झालेला असताना असे ऊन तापले की फळगळ होते, हे कलमवाल्यांना सांगायला नको.

हे असे का होते, ते आधी थोडक्यात समजून घेऊ. पृथ्वीभोवतीची हवा म्हणजे एक गोधडीच समजा. दिवसा उन्हाने तापलेली जमीन रात्री उष्णता बाहेर टाकते, आणि ही गोधडी त्यातली काही अडवून धरते. म्हणून तर आपण गारठून मरत नाही. पण दगडी कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून आणि जंगले तोडून माणसाने ही गोधडी जाड केली आहे. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साईड वायूचे सुमारे २८० भाग होते, आज ते ४२० च्या वर गेले आहेत. त्यामुळे जमीन तापते, तसा समुद्रही तापतो. तापलेल्या समुद्रावरून जास्त बाष्प उठते, आणि मग आठवडाभराचा पाऊस एका रात्रीत कोसळतो. मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीने वाढल्याचे शास्त्रज्ञांनी मोजून दाखवले आहे.

आता तुम्ही म्हणाल, “धूर केला शहरवाल्यांनी आणि परदेशातल्या लोकांनी, आणि शहाणपण आम्हाला शिकवता होय?” म्हणणे खोटे नाही. अमेरिकेतला एक माणूस सरासरीने आपल्याकडच्या सुमारे सात माणसांइतका हा वायू हवेत सोडतो. देवरूखच्या शेतकऱ्याने चूल विझवली म्हणून अरबी समुद्र थंड होणार नाही, आणि तसे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण पुढे जी कामे सांगणार आहे, त्यांतले बहुतेक काम केल्याने पहिला फायदा आपल्याच शेताला होतो. जगाचे भले त्याच्या मागून होते.

सर्वांत आधी वणव्याचे बोलू, कारण आपल्याकडचे मोठे नुकसान तिथेच आहे. शिमगा जवळ आला की रात्री डोंगरावर आगीच्या माळा दिसू लागतात. कोणी म्हणतो, गवत जाळले की पावसात नवे चांगले फुटते. कोणी विडीचे थोटूक टाकतो. कोणी बांधाचा पातेरा पेटवतो आणि जेवायला घरी येतो. हा तिसरा मी स्वतः. आमच्या वरकसात काजूची चाळीस झाडे सात वर्षांची झाली होती. गडी लावून खालचा पातेरा एका कोपऱ्यात गोळा केला आणि सकाळच्या शांत हवेत पेटवून दिला. दहा वाजता वारा सुटला. दुपारपर्यंत अठ्ठावीस झाडे गेली. काही त्याच दिवशी करपली, काही साल तडकून पुढच्या पावसाळ्यात मेली. दोष द्यायला दुसरे कोणी नव्हते.

हिशोब नीट पाहा. गवत जळाल्याने जो वायू निघतो, तो पुढच्या पावसात उगवलेले गवत बराचसा परत ओढून घेते. म्हणजे नुसत्या गवताचा तोटा त्या बाजूने फार नाही. पण त्याबरोबर रोपे जळतात, झाडांच्या साली तडकतात. वीस-पंचवीस वर्षे खोडात साठवलेला कार्बन हवेत जातो, तो एका पावसात परत येत नाही. शिवाय पालापाचोळ्यातला नत्र उडून जातो. उघडी पडलेली जमीन मृगाच्या पहिल्या सरी अंगावर घेते आणि लाल माती पऱ्याला लागते. नवे गवत चांगले दिसते ते राखेमुळे आणि जुने काड मधून गेल्यामुळे. तोच फायदा गवत वेळेवर कापून पेंढ्या बांधल्याने मिळतो, आणि वर वैरण हाती राहते.

तेव्हा दिवाळी झाली, गवत पिवळे पडू लागले, की बागेभोवती जाळरेषा काढावी. निदान तीन मीटर रुंदीची पट्टी गवत कापून, पातेरा ओढून, माती उघडी होईल अशी स्वच्छ करावी. डोंगराच्या चढाच्या बाजूला आणि रस्त्याकडेला ती अधिक रुंद ठेवावी. वाऱ्याने पुन्हा पाने पडतात, म्हणून जानेवारीत एकदा व होळीपूर्वी एकदा झाडून घ्यावी. एकट्याची जाळरेषा कमी पडते. वाडीने मिळून सड्याच्या कडेने एकच लांब पट्टी काढली तर मजुरी कमी आणि राखण सोपी. राखीव जंगलात आग लावणे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने गुन्हा आहेच, परंतु आपल्याकडे बरेचसे रान खाजगी मालकीचे आहे. तिथे कायद्यापेक्षा शेजारधर्मच उपयोगी पडतो. पातेरा पेटवू नये, हे तर सांगायला नकोच. खड्ड्यात शेणकाला घालून कुजवावा, नाहीतर सरळ झाडाच्या बुंध्याभोवती, पण खोडाला न भिडवता, पसरावा. मार्चच्या उन्हात त्याने ओल टिकते.

आता भाजावळ. तरव्यासाठी राब भाजण्याची आपली रीत पिढ्यान् पिढ्यांची आहे आणि ती अडाणीपणाची नाही. भाजल्याने तणाचे बी मरते, राखेतून पालाश मिळते, माती भुसभुशीत होऊन रोपे उपटायला हलकी जातात. पण त्यासाठी शेण, गवत, पातेरा आणि ऐन-किंजळाची कवळे लागतात. दरवर्षी कवळतोड झाल्याने झाडे खुंटासारखी उभी राहतात. आणि जे शेण शेतात खत म्हणून जायला हवे, ते धूर होऊन जाते.

याला पर्याय गादीवाफ्याचा. एक एकर लावणीसाठी चार गुंठे रोपवाटिका पुरते. मीटर-सव्वा मीटर रुंदीचे, बोटभर-चार बोटे उंच वाफे करावेत. चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. गिरणीवर भाताच्या तुसाची काळी राख मिळत असल्यास वाफ्याच्या चौरस मीटरला अर्धा ते एक किलो वरच्या थरात मिसळावी. त्यातल्या सिलिकामुळे रोप टणक होते. राहता राहिला तणाचा प्रश्न, आणि हाच खरा अडचणीचा. वळवाचा पाऊस पडून तण उगवले की ते खरवडून काढावे व मगच पेरावे. पूर्ण क्षेत्रावर एकदम भरवसा बसत नसेल तर पहिल्या वर्षी एकच गुंठा न भाजता करून पाहा. दोन्हीकडची रोपे शेजारी शेजारी दिसली म्हणजे बायकामाणसेच काय ते ठरवतील, कारण तरवा काढायचे काम त्यांचे.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडून शिफारस होत असलेली चारसूत्री भातशेती डॉ. नारायण सावंत यांनी मांडली. तिच्यात या राखेबरोबर आणखी दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. एक म्हणजे गिरिपुष्प. बांधावर फांद्या खोचल्या की येतो, गुरे फारशी लागत नाहीत. लावणीपूर्वी आठवडाभर त्याच्या फांद्या चिखलात पसराव्या. पाने गळून खत होते आणि उरलेल्या काटक्या चुलीला. म्हणजे कवळतोडही वाचली आणि रानात लाकडाला जाणेही.

दुसरी गोष्ट खताच्या गोळ्यांची. आपल्या पावसात फेकलेला युरिया किती भाताला आणि किती बावनदीला जातो, हे देवच जाणे. जो शेतात राहतो त्यातूनही थोडा नायट्रस ऑक्साईड वायू बनतो. हा वायू कार्बन डायऑक्साईडच्या अडीचशे पटीहून अधिक उष्णता अडवतो. म्हणून १५-२५ सेंटिमीटर अंतराच्या दोरीवर लावणी करून, चार चुडांच्या चौकोनात युरिया-डीएपीची एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचावी. लावणी केल्यादिवशी किंवा दुसऱ्या दिवशी हे काम उरकावे. गुंठ्याला ६२५ च्या आसपास गोळ्या, म्हणजे सुमारे पावणेदोन किलो लागतात. खोल गेलेले खत वाहून जात नाही. काम कंबर मोडणारे आहे हे खरे, पण नंतर पुन्हा खत फेकायचे राहत नाही.

खाचरात पाणी सतत कोंडून राहिले की तळाच्या चिखलातून मिथेन निघतो. तोही तापवणाराच. ज्यांच्या खाचराला वरून पाणी घेण्याची सोय आहे, त्यांनी फुटवे आल्यावर मधूनमधून तोंड फोडून पाणी काढावे, चिखल जरा आवळू द्यावा आणि पुन्हा भरावे. ज्यांची शेती नुसत्या पावसावर आहे, त्यांनी हा खेळ करू नये. उघडीप लांबली तर भात जाईल, आणि पोटरीत व फुलोऱ्यात तर पाणी मुळीच तोडू नये.

घरात चार-पाच गुरे असतील तर गोबरगॅस बघावा. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नास किलोच्या आसपास शेण लागते. आपली कोकणी गाय लहान, तेव्हा गुरांच्या संख्येपेक्षा शेण पाटीने मोजूनच आकार ठरवा. उगाच मोठे बांधून उपाशी ठेवण्यात अर्थ नाही. बाईमाणसाच्या डोळ्यांतला धूर जातो आणि बाहेर येणारी मळी नुसत्या शेणापेक्षा चांगली. नळीची गळती मात्र लगेच काढावी, कारण गळतो तो मिथेनच.

शेवटचे पाण्याचे. पावसाळा सरून पऱ्याची धार बारीक होऊ लागली, की सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून वनराई बंधारा घालावा. ऑक्टोबर-नोव्हेंबरच ही वेळ. डिसेंबरात घातला तर अडवायला पाणीच उरत नाही. एकच उंच भिंत घालण्यापेक्षा त्याच पऱ्यावर थोड्या थोड्या अंतराने दोन-तीन बुटके बंधारे बरे. गोण्या सांधे मोडून, विटांसारख्या रचाव्या, मधल्या फटीत चिखल लिंपावा आणि वरच्या बाजूने मातीचा थर द्यावा. खालच्या विहिरीचे पाणी जास्त दिवस टिकते. आणि मे संपायच्या आत गोण्या काढून घ्याव्या. नाहीतर पहिल्या पुरात त्यांच्या चिंध्या खालच्याच्या खाचरात जाऊन बसतात आणि नांगराला गुंडाळतात.